मानाचा कोट आणि पडद्यावरचा खांदा

वाचकहो, पुढील कथेत वर्षातील सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूस अर्पण केल्या जाणाऱ्या मानाच्या कोटाची हकिगत सांगण्याचे योजिले आहे. या हकिगतीत चेंडू एकदाही टाकला जात नाही व बॅट एकदाही उचलली जात नाही. जे काही घडते ते एका शिंप्याच्या दुकानात, कात्री, इस्त्री आणि नातलग यांच्या सहवासात घडते. संशय नामक किडा माणसाच्या मनात कोणत्या भोकातून शिरतो व आत काय काय कुरतडतो, हे वाचकांनी शांत चित्ताने अवलोकन करावे, ही विनंती.

मास्तरांचे दुकान बसथांब्याच्या समोर होते. पुढे कापडाचे टेबल, आरसा व इस्त्री. मागे एक खोली, तिची खिडकी बाजूच्या गल्लीकडे, बसथांब्यावरून दिसेल अशी. आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. दुकानाची कीर्ती एकाच गोष्टीमुळे होती. क्रिकेट मंडळ दरवर्षी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूस जो पुरस्कार देई, त्यात पदकापेक्षाही मान होता तो हिरव्या कोटाला. भर समारंभात तो विजेत्याच्या खांद्यावर चढवला जाई. हा कोट मास्तरांच्या वडिलांनी शिवला आणि त्यांच्या पश्चात मास्तर शिवीत आले.

यात मौज अशी की कोट कोणासाठी शिवावयाचा, हे शिवणाऱ्यास सांगण्याची पद्धत नव्हती. मंडळाचे चिटणीस विजेत्याच्या घरच्या माणसाला विश्वासात घेऊन त्याचा एखादा जुना कोट मिळवीत, त्यावरची नावनिशाणी काढून टाकीत आणि तो मापाचा कोट म्हणून मास्तरांच्या हवाली करीत. खुद्द विजेत्यालाही त्याचा पत्ता नसे.

त्या वर्षीही चिटणीससाहेब कापडी पिशवी घेऊन स्वतः आले. त्यांनी आधी दुकानाचे दार लोटून घेतले.

"मास्तर, कोणाचा ते विचारायचं नाही."

"वडिलांनी कधी विचारलं नाही, साहेब, मी कशाला विचारू?"

"आणि ओळखलात तर?"

"तर पोटात ठेवायचं."

चिटणीससाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "यंदा जरा जास्तच सांभाळा. मंडळावर नवी माणसं आलीत. त्यांना हा कोट कारखान्यातून तयार घ्यायचाय. म्हणतात, शिंप्याकडे दिला की नाव फुटतं. आजवर फुटलेलं नाही म्हणून मी त्यांना गप्प बसवू शकलो. एकदा जरी फुटलं, तर हा कोट तुमच्या दुकानातून गेला म्हणून समजा. माझ्या हातात काही राहणार नाही."

मास्तरांनी पिशवी छातीशी धरली. वडिलांच्या हातचे जे काही त्यांच्याकडे उरले होते, त्यात हा कोट सर्वांत मोठा होता. तो आपल्या कारकिर्दीत जावा, ही कल्पनाच त्यांच्या घशाखाली उतरेना.

दुकानात मास्तरांखेरीज आणखी एक असामी होती, ती म्हणजे त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. काज करणे आणि बटणे लावणे हे त्याचे काम. काज असे करी की उलटसुलट पाहिले तरी टाका हुडकावा लागे. परंतु हात जितका बारीक चाले तितकेच तोंड सैल. काज करता करता तो सामन्याचे वर्णन करीत असे, म्हणून सारी गल्ली त्याला कॉमेंटेटर म्हणे.

"आणि सुई पुढे सरसावली आहे," तो म्हणे, "दोरा ओलांडला, गाठ बसली, आणि हे काज पूर्ण. प्रेक्षकांत सन्नाटा. कारण प्रेक्षक एकटे भाऊजी, आणि भाऊजींना हसायला बंदी."

यंदा पुरस्कार कोणाला, यावर दुकानात रोज चर्चा रंगे. गिऱ्हाइकांच्या मते दोनच नावे. एक वेगवान गोलंदाज, ज्याला लोक तोफ म्हणत. चेंडू टाकून टाकून तोफेचा उजवा खांदा इतका खाली आला होता की पाठमोरा पाहिला तरी पोरेसोरे ओळखीत. समोरच्या बसथांब्यावरच त्याचे भले थोरले पोस्टर होते: पाठ फिरवून चालत निघालेला, उजवा खांदा उतरलेला. दुसरे नाव सलामीच्या फलंदाजाचे. तो मैदानात इतक्या सावकाश चालत येई, जणू सासुरवाडीला निघाला आहे, म्हणून त्याचे नाव पडले जावईबापू.

कॉमेंटेटर मात्र तिसऱ्याचीच तरफदारी करी. यष्टिरक्षक चिमणा. अंगाने लहानखुरा, गरिबाघरचा. तोफेनेच त्याला हाताला धरून संघात आणले होते आणि तोफ त्याला धाकटा म्हणूनच हाक मारी.

"किपरकडे कोण बघतं?" कॉमेंटेटर म्हणे. "चेंडू हातातून सुटला की बघतात. बटणाचं तसंच. तुटलं की आठवण."

"तू तुझं काज बघ," मास्तर म्हणत.

चिटणीससाहेब गेल्यावर मास्तरांनी मागच्या खोलीचे दार आतून लावले आणि मापाचा कोट टेबलावर पसरला. राखाडी रंगाचा जुना कोट. त्यांनी तो खांद्यांत धरून उचलला मात्र, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उजवा खांदा उतरलेला होता. त्या बाजूचे अस्तर काखेत ताणून विरले होते. असा खांदा साऱ्या क्रिकेटजगतात एकच होता.

कोट तोफेच्या अंगकाठीच्या मानाने आखूड व छातीत बेताचा वाटला. मास्तरांनी विचार केला, कोट जुना आहे, तेव्हा तोफ पोरगेला असणार. आता तो भरला आहे. मापाचा कोट काय सांगतो तेवढेच ऐकणारा शिंपी अर्धा शिंपी, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी बाही वाढवली, छाती वाढवली आणि लाकडी पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर कापूस बांधून उजवा तितका खाली ठेवला. पुतळा खिडकीकडे पाठ करून उभा केला, कारण पाठीचे काम करताना तोंडासमोर दिवा लागे. खिडकीला पांढरा पडदा होता. तो ओढला की गुपित बंद झाले, अशी त्यांची समजूत.

एरवी मानाच्या कोटाची काजे पहिल्यापासून कॉमेंटेटरच आखी. यंदा मास्तरांनी त्याला खोलीत पाऊल टाकू दिले नाही.

"भाऊजी, आत काय लपवलंय? दुसरी बायको?"

"तुझं तोंड लपवता येत नाही म्हणून कोट लपवलाय."

तो हसला. मास्तर हसले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळच्या वर्तमानपत्रात ठळक मथळा आला: मानाचा कोट यंदा तोफेच्या खांद्यावर, खात्रीलायक सूत्रांची माहिती.

मास्तरांच्या हातातील चहा कपातच निवला. बातमी ज्याच्या नावाने छापली होती तो बातमीदार याच गल्लीतला. संध्याकाळी बसथांब्यालगतच्या टपरीवर तो चहा पीत उभा राही, आणि कॉमेंटेटर त्याच्याबरोबर टाळ्या देत बोलताना मास्तरांनी कैकदा पाहिला होता. मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपण दाराला कुलूप घातले खरे, पण किल्ली तर वरच्या खोलीत खुंटीला असते. आणि खुंटी काय, भावाला बहिणीचे घर मोकळेच.

दुपारी चिटणीससाहेब आले. मास्तरांची अपेक्षा होती की ते आदळआपट करतील. ते तर नुसते मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"पेपर वाचलात?"

"वाचला."

"मास्तर, खरं सांगा. कोट कोणाचा ते तुम्ही ओळखलं होतं?"

"नाही, साहेब." आयुष्यात प्रथमच मास्तर त्यांच्याशी खोटे बोलले.

चिटणीससाहेबांनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले व पुन्हा मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता म्हणावे तर नव्हता; कोड्यात पडल्यासारखा तो चेहरा होता. "मंडळाची माणसं माझ्या मागे लागलीत," एवढेच ते म्हणाले. "समारंभ होऊ दे. मग बघू." जाताना त्यांनी कॉमेंटेटरकडे एक लांब दृष्टिक्षेप टाकला. तो दृष्टिक्षेप मास्तरांच्या जिव्हारी लागला, कारण तो त्यांच्याच मनातला होता.

त्या दिवसापासून मास्तर डोळ्यांत तेल घालून मेहुण्यावर पाळत ठेवू लागले. तो फोन घेऊन बाहेर गेला की हे दाराआड कान देत. तो गप्प बसला तर हा का गप्प, आणि बोलला तर हा का बोलतो. त्याने नवी चप्पल घेतली, तीही यांच्या डोळ्यांत सलली. खोलीची किल्ली आता मास्तरांच्या कमरेला लटकू लागली. जेवतानाही ते ती चाचपून पाहत.

पत्नीच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते.

"अहो, ती किल्ली काय आमटीत बुडवायची आहे?"

"बुडवीन. पण खुंटीला ठेवणार नाही."

"सरळ बोला ना. माझ्या भावावर संशय आहे तुमचा."

"मी नाव घेतलं?"

"तुम्ही कधी कोणाचं नाव घेता? मापं घेता नुसती." तिने ताट सरकवले. "तो तोंडाचा फाटका असेल, पण आत एक बाहेर एक असं त्याला जमत नाही. जमलं असतं तर तुमच्याकडे काजं करत बसला नसता."

"मग त्या बातमीदाराला काय स्वप्न पडलं?"

"त्यालाच विचारा. माझ्या भावाला उलटं टांगून काय मिळणार?"

बहिणीकडून की भाऊजींच्या तोंडावरून, कोणास ठाऊक, पण कॉमेंटेटरला सारे उमगले. त्याने वर जेवायला येणे सोडले. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचे समालोचन बंद पडले. दुकानात आता फक्त मशीनची घरघर उरली. गिऱ्हाईक विचारी, "आज स्टेडियम रिकामं का?" तो सुईतून मान वर न करता म्हणे, "पावसानं खेळ थांबलाय." मास्तरांना त्या शांततेचाही संशय येई. चोराला बोलवत नाही, असे ते मनाशी म्हणत. आणि लगेच दुसरे मन म्हणे, दुखावलेल्यालाही बोलवत नाही. परंतु दुसऱ्या मनाला ते दाबून टाकीत.

समारंभ अगदी तोंडावर आला. कोट उभा राहिला होता, फक्त काजे उरली होती. मास्तर रेशमी दोरा आणावयास बाहेर पडले. परतताना दिवेलागण झाली होती. बसथांब्यापाशी येऊन त्यांनी सहज मान वळवली आणि जागच्या जागी थिजले.

त्यांच्या मागच्या खोलीत तोफ उभा होता.

पाठमोरा, उजवा खांदा उतरलेला. पांढऱ्या पडद्यावर सावली अशी स्वच्छ पडली होती, जणू चित्रकाराने शाईने काढली असावी. डोके तेवढे नव्हते. बाजूलाच पोस्टर होते. पोस्टरातला खांदा आणि पडद्यातला खांदा, फरक शोधून सापडेना. खोलीतला दिवा ते तसाच जळत ठेवून आले होते, रोजच ठेवीत. टपरीवर चहा पिणारे चारदोन लोक निवांतपणे तिकडे पाहत होते, त्यांत बातमीदारही होता.

"या, मास्तर," तो म्हणाला. "तोफेचा कोट झाला का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? रोज संध्याकाळी बघतोय. पहिल्यांदा वाटलं, खरंच तोफ माप द्यायला आला की काय. तुमच्या मेहुण्याला छेडलं, तर तो म्हणतो, मला काय माहीत, मला आत घेतच नाहीत. म्हटलं, घरच्या माणसालाही आत घेत नाहीत म्हणजे नक्कीच मानाचा कोट."

वाचकहो, त्या क्षणी मास्तरांची जी अवस्था झाली ती वर्णन करण्यास लेखणी असमर्थ आहे. कुलूप त्यांनी घातले, किल्ली त्यांनी लपवली, आणि खिडकीत उभे राहून नाव जगाला ओरडून सांगितले तेही त्यांच्याच हाताने भरलेल्या कापसाने. इतके दिवस ते ज्याच्या मागावर होते तो चोर त्यांच्याच चपला घालून हिंडत होता.

ते दुकानात शिरले. कॉमेंटेटर इस्त्रीची तार गुंडाळीत होता. मास्तरांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर त्याच्यापुढे ठेवली.

"काजं राहिलीत," ते म्हणाले.

"माझ्यावर सोपवताय? उद्या पेपरात काजांचा फोटो आला तर?"

"नाव खिडकीतून फुटलं. सावली. मी आत्ता बघून आलो." एवढे बोलण्यासही मास्तरांना खांद्यावरून ओझे उतरवावे तसे वाकावे लागले. "मीच दाखवत होतो सगळ्यांना."

कॉमेंटेटरने इस्त्रीची तार खाली ठेवली. मग किल्ली उचलून म्हणाला, "ताईला सांगा. मला नको, तिला सांगा."

तो आत गेला. आधी त्याने दिवा पुतळ्याच्या दुसऱ्या अंगाला नेऊन ठेवला. मग नवा कोट पाहिला, मग मापाचा जुना कोट हाती घेतला, आणि सवयीप्रमाणे प्रथम बटणे पाहिली.

"भाऊजी, हा कोट तोफेचा होता."

"तेच म्हणतोय मी."

"होता. आता नाही." त्याने बाहीचे टोक वर केले. "बाहीची बटणं बघा. अगदी काठाला येऊन टेकलीत. कोणी शिंपी अशी लावेल का? बाही खालून दुमडून आखूड केलीय. तुरपाई घरच्या बाईच्या हातची. आणि पुढची बटणं आत सरकवलीत, ही जुन्या दोऱ्याची भोकं. कोट मोठ्या माणसानं वापरला आणि मग लहानखुऱ्या माणसाला दिला."

"तोफ तरणा असतानाचा असेल."

"तरणा माणूस वाढतो, भाऊजी. आखूड होत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुला तो चिमणा आवडतो म्हणून तुला सगळीकडे चिमणाच दिसतो."

"मला आवडतो म्हणून बटणं चालत जाऊन आत बसली का? तोफेचा जुना कोट घालणारा लहान चणीचा माणूस, त्याला धाकटा म्हणणारा तोफ. मला दुसरा सांगा, मी गप्प बसतो."

मास्तर खाली बसले. चिटणीससाहेबांचा तो कोड्यात पडलेला चेहरा आता त्यांना उलगडला. बातमी फुटली म्हणून ते आले होते, परंतु नाव भलतेच होते, आणि भलते आहे असे म्हणण्याचीही त्यांना सोय नव्हती. खांदा पाहताच मास्तरांनी माणूस ठरवला आणि मग बाही, छाती, बटणे जे जे काही बोलत होती ते सारे त्यांनी खोडून काढले. कोटावरही त्यांनी तेच केले होते जे मेहुण्यावर केले.

"हा असाच गेला असता तर," ते पुटपुटले, "चिमणा त्यात पोत्यात घातल्यासारखा दिसला असता. भर समारंभात."

"अजून गेला नाही ना? उठा. वाढवलेलं कमी करता येतं. कमी केलेलं वाढवता आलं नसतं. तुमची चूक तरी सोयीची आहे."

मास्तरांनी पुतळ्याच्या खांद्यावरचा कापूस उचकटून काढला. त्या दोघांनी नवा कोट उसवला. जुन्या कोटाच्या अस्तरावर दोन घड्या होत्या, एक जुनी विटलेली, तोफेच्या खांद्याच्या टोकाशी. दुसरी आत, ताजी, चिमण्याच्या खांद्याच्या टोकाशी. ती मास्तरांनी शोधली. छाती बटणांनी सांगितली, बाही तुरपाईने. काम संपता संपता कॉमेंटेटर अभावितपणे पुटपुटू लागला होता, "आणि सुई पुढे सरसावली आहे..." वरून पत्नी चहा घेऊन आली ती जिन्यातच थबकली, आणि तो आवाज ऐकून पुढे आली.

"अहो, काय झालं?"

"तुझा भाऊ बरोबर होता," मास्तर म्हणाले. "आणि मी त्याला चोर समजत होतो."

"ते मला माहीत होतं. तुम्ही कधी बोलून दाखवता तेवढंच बघायचं होतं." तिने पहिला कप भावाला दिला.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा शिपाई कोट घेऊन गेला. समारंभाच्या संध्याकाळी दुकानात टीव्ही लावला होता. मास्तर उभेच होते. त्यांना अजूनही धाकधूक होती: आपण एकदा चुकलो, दुसऱ्यांदा कशावरून नाही? पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत तोफ बसला होता आणि सगळे कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते. पाकीट फाडले गेले. नाव उच्चारले गेले. चिमणा खुर्चीत तसाच बसून राहिला, जणू दुसऱ्याच कोणाला बोलावले आहे. त्याला दंडाला धरून उठवले ते तोफेने, आणि मंडळाच्या विनंतीवरून हिरवा कोटही त्यानेच त्याच्या अंगावर चढवला. दोन्ही खांदे सरळ बसले. बाही मनगटावर जिथे थांबावयास हवी तिथेच थांबली. तोफेने सवयीने बाही दुमडावयास हात नेला, आणि दुमडायचे काही नाही हे ध्यानी येऊन तो हसला.

मास्तरांनी खुर्ची ओढून बसून घेतले.

पुढे दोन दिवसांनी चिटणीससाहेब आले. "मास्तर, तुमच्यावर उगाच शंका घेतली. पेपरात भलतंच नाव आलं तेव्हाच समजायला हवं होतं की ते इथून गेलेलं नाही. मंडळातली माणसंही गप्प झालीत. पुढल्या वर्षीही कोट तुमच्याकडेच. आणि तो जुना राखाडी कोट द्या. चिमण्यानं नवा मिळाल्या मिळाल्या आधी तोच परत मागितलाय."

मास्तरांनी जुना कोट घडी घालून दिला. खोटे त्यांना पचत नव्हते आणि खरे बाहेर पडत नव्हते. "साहेब," ते शेवटी म्हणाले, "मागच्या खिडकीला लाकडी झडप बसवून घेतोय."

"का बरं?"

"धूळ येते."

चिटणीससाहेब मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिले, दिव्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि पडदा बाजूला सारून बसथांब्यावरच्या पोस्टरकडे जरा जास्तच वेळ पाहिले. त्यांना काय समजले आणि काय नाही, हे मास्तरांना पुढे कधीच कळले नाही.

"बसवाच," एवढे बोलून ते निघून गेले.

कॉमेंटेटरने सुईत दोरा ओवला. "भाऊजी, पुढल्या वर्षीसुद्धा संशय खुशाल माझ्यावर घ्या," तो म्हणाला. "फक्त मला खोलीत बसवून घ्या."

वाचकहो, येथे ही कथा मी पूर्ण करतो. आपण आपला मोलाचा वेळ खर्च करून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. लिहिण्यात काही कमीजास्त झाले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

आपला नम्र,
भालचंद्र रामजी कोळपे